काचेपलीकडचं गाव

भूतकाळ दाखवणाऱ्या काचेपुढे एलादिया आजी रोज सकाळी येऊन बसायची. पलीकडे पाचशे वर्षांपूर्वीचं बेट होतं, तिच्या पूर्वजांचं. तिथल्या बायकांचं बघूनच ती कसावा नावाच्या कंदाच्या भाकऱ्या थापायला शिकली. तिथल्या एका पोरीला तिने रांगतानाही पाहिलं होतं.

गेल्या महिन्यात किनाऱ्याला युरोपातली जहाजं लागली, तेव्हा तीच पोर वाळक्या, पोकळ भोपळ्यात पाणी भरून हसत पाहुण्यांकडे धावली होती. आज तिच्या अंगभर देवी उठल्या होत्या. काच बघायला आलेले बाकीचे प्रेक्षक उठून गेले.

"आजी, काच बंद करू?" काच सांभाळणाऱ्या नेल्सनने विचारलं. "आपण त्यांना दिसतसुद्धा नाही."

"राहू दे रे." आजीने खुर्ची पुढे ओढली. "आजारपणात घरचं कुणीतरी उशाशी हवं."