शेवटचं खाणं

अर्जातला प्रश्न : मांजराने शेवटचं कधी खाल्लं?
सुमेधाने लिहिलं, काल रात्री आठला. तरी शेजारी बसलेल्या सासूबाईंना तिने पुन्हा विचारलं, "नक्की ना, आई?"
"त्यानंतर घासभरही दिलं नाही गं. देवाशपथ."

प्रश्न : भूल द्यायला संमती आहे?
सुमेधाने सही केली.

शेवंती मांजरीची कुजलेली दाढ काढायची होती. डॉक्टरांनी इंजेक्शन हातात घेतलं, तोच शेवंतीने टेबलावर दूधपोळी ओकली.
"भुलीत हे श्वासनळीत गेलं असतं तर मेली असती," डॉक्टर कडाडले. "तुमच्या शब्दावर विसंबलो होतो मी."
"आणि मी यांच्या." सुमेधाने सासूबाईंकडे पाहिलं.
त्या पदराने शेवंतीचं तोंड पुसत होत्या. "उपाशी जीव बघवेना."
"माझ्या सिझेरियनच्या आधी मी दिवसभर घोटभर पाणी मागत होते. डॉक्टर नको म्हणाले, म्हणून तुम्ही तांब्या घेऊन बाहेर जाऊन बसलात. तेव्हा बरं बघवलं?"
"तू मागत तरी होतीस. ही मुकी आहे."

डॉक्टरांनी उद्यासाठी नवा अर्ज दिला. खाली त्यांनी हाताने एक प्रश्न वाढवला होता : आज रात्री मांजर कोणाजवळ?
सुमेधाने लिहिलं, माझ्या खोलीत. आतून कडी लावून.