मेंढरांनी दिलेली वाट

बसऱ्याची लढाई संपली, पलटण मोडली आणि सिद्धाप्पा घरी परतून होटगीच्या माळावर पुन्हा मेंढरं राखू लागला. दोन सुग्या उलटल्या, तरी त्याचा पाय एका जागी ठरेना. बसला की उठायचा, उठला की मागं वळून बघायचा.

मेंढरंही त्याला बुजत. पूर्वी तो कळपात शिरला की ती आपणहून सरकून वाट देत. आता काठीनं ढकलावं लागे.

पण रोज दुपारी, भाकरीच्या वेळेला, वाट पडायचीच. आगगाडीच्या रुळाकडच्या अंगानं कळप दुभंगायचा. कोणी चालत यावं तशी फट हळूहळू पुढं सरकायची आणि मागं मिटत जायची. फटीत कोणी नसायचं.

“वारं असंल,” बायको मायाक्का म्हणायची. “लई इचार करू नगा.”

आज ती स्वतःच भाकरी घेऊन माळावर आली. वारा साफ पडला होता. तरी फट पडली. सिद्धाप्पावर अजून गुरगुरणारा म्हातारा कुत्रा शेपूट हलवत धावला आणि त्या मोकळ्या जागेत लोळण घेऊ लागला.

“बगितलंस? आता तरी पटलं?” सिद्धाप्पानं कसंबसं विचारलं.

मायाक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला, भाकरीचं फडकं उचललं आणि त्याच्याकडं न बघता पुढं निघून गेली. फट थांबली होती तिथं ती थांबली. तिचे डोळे भरून आले.

“लई दिस लावलं की यायला, धनी,” ती त्या रिकाम्या जागेला म्हणाली. “हितं कवाधरनं एक परका मानूस येऊन बसलाय.”