घरी माणसं किती?

जपानमध्ये वाढणाऱ्या नातीशी तिच्या भाषेत बोलता यावं, म्हणून शिंपीकाका साठीनंतर जपानीच्या वर्गाला जाऊ लागले होते. मधे बरेच दिवस दांडी पडली, आज आले. बाई आकडे शिकवत होत्या. जपानीत माणसं मोजायचे शब्द वेगळे. एक माणूस म्हणजे ‘हितोरी’, दोन माणसं म्हणजे ‘फुतारी’.

“सांगा काका, तुमच्या घरी माणसं किती?”

“फुतारी!” काका पटकन बोलून गेले.

“शाब्बास!”

काका खाली बसले आणि लगेच पुन्हा उभे राहिले. “चुकलं बाई. हितोरी.”

“अहो, पहिलंच बरोबर होतं की! तुम्ही आणि काकू.”

काकांनी चष्मा काढून हातात धरला.

“गेल्या महिन्यापर्यंत बरोबर होतं, बाई.”