परत एकदा वाच

खरं सांगावं की नको, हे आईचं काही केल्या ठरेना. टेबलापलीकडच्या बाई पेन हातात धरून थांबल्या होत्या. प्रश्न तसा साधाच होता.

"घरी तुम्ही वाचून दाखवता म्हणालात. एकदा वाचलं की कळतं का तिला?"

"कळतं की," आई म्हणाली आणि पिशवीचा बंद उगाचच सोडून पुन्हा बांधला. शेजारी बसलेल्या लेकीने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

कुठल्या मुलाला कुठलं साधन लागेल आणि ते त्याला झेपेल का, हे पाहायचं बाईंचं काम. खोलीत नुसती मांडामांड होती. मुंगीएवढं अक्षर बशीएवढं दाखवणारी भिंगं, जाडजूड बटणांचे कीबोर्ड, बोटांखाली ठिपके उमटवणारी एक पट्टी. लेकीला जन्मापासून दिसत नव्हतं. तिच्यासाठी बाईंनी पुस्तक मोठ्याने वाचणारा संगणक काढून ठेवला होता. तो जमला तर शाळा तो तिला देणार होती आणि मैत्रिणींबरोबर ती वरच्या वर्गात जाणार होती. नाही जमला तर सावकाश शिकणाऱ्यांच्या तुकडीत. मुख्याध्यापकांनी हे अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कारण लेक सावकाश होती, हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. आई घरी लोकांचे कपडे उसवून बेतायचं काम करायची. दिवस कलला की शिवणयंत्रावर झाकण घालायची, त्यावरच पुस्तक उघडायची आणि चष्मा नाकावर चढवायची. लेक पायाशी स्टुलावर. आईची स्वतःची शाळा अर्ध्यावर सुटलेली, त्यामुळे जोडाक्षर आलं की गाडी अडायची. कसाबसा धडा संपायचा आणि लेक म्हणायची, "कळलं नाही गं. परत एकदा वाच." रोज. भूगोल असो, विज्ञान असो, कविता असो. आई पाणी पिऊन पुन्हा पहिल्या ओळीवर यायची. दुसऱ्या खेपेला मात्र वाचन झकास व्हायचं. आतल्या खोलीतून बाबा चिडवायचे, "घरात विद्यार्थिनी दोन, पास कोण होतंय बघू." काय दिवस होते ते. दमलेली असायची, घसा बसायचा, तरी दिवसभर त्या घटकेची वाट पाहायची ती.

आणि ती घटका आता या डबड्याच्या हवाली करायला ती स्वतःच आली होती.

"हे बघा, पानावरचं अक्षर हा ओळखतो आणि बोलतो," बाईंनी समजावलं. "मधेच थांबवता येतं, मागे नेता येतं."

"अस्सं होय," आई म्हणाली. लेक गालातल्या गालात हसली.

बाईंनी लेकीने कधी न ऐकलेला एक उतारा लावला. चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, त्याबद्दलचा. संगणकाचा आवाज स्वच्छ होता, कुठे अडखळणं नाही, खोकला नाही. लेक टेबलावर बोटं वाजवू लागली. तिला कंटाळा आला की ऐकताना धागा सुटला, आईला काही कळेना.

"बाई," लेक म्हणाली, "हे जरा..."

आता ही परत एकदा म्हणणार. आईने डोळे मिटले.

"हे जरा भरभर वाचेल का?"

बाईंनी वेग वाढवला. "अजून," लेक म्हणाली. बाईंनी आणखी वाढवला. "अजून थोडं." शेवटी पत्र्यावर मोहरी सांडावी तसा नुसता आवाज येऊ लागला. आईला त्यातला एक शब्द लागेना. उतारा संपला. बाईंनी उलटसुलट प्रश्न विचारले आणि लेकीने एकूण एक उत्तर दिलं, वर चंद्र स्वतःभोवती कसा फिरतो ते टेबलावर पेला फिरवून दाखवलं.

बाई पेन टेकवून लिहू लागल्या. "वरच्या वर्गात जायला काहीच हरकत नाही. इतक्या वेगाने ऐकणारी मुलं मला क्वचित भेटतात."

आईने आनंदाने उडीच मारायला हवी होती. पण तिला आतून काहीतरी टोचलं. मग इतकी वर्षं आपण घसा फोडून केलं काय? आपलं वाचणं इतकं वाईट होतं? तिला राहवेना. मघाशी दडवलेलं आता तिने आपणहून सांगितलं.

"बाई, मी मघाशी खोटं बोलले. घरी हिने मला प्रत्येक धडा दोनदा वाचायला लावला. पहिल्यांदा काही कळलंच नाही म्हणायची. एक दिवस चुकला नाही."

बाईंचं पेन थांबलं. त्या लेकीकडे वळल्या. "खरं का गं?"

"खरं," लेक म्हणाली.

"इतकं चटकन कळतं तुला. मग दोनदा कशाला?"

लेकीने हाताने चाचपत आईचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

"मला पहिल्यांदाच कळायचं. पण पहिल्यांदा आई नुसती अक्षरं लावायची. दुसऱ्यांदा वाचताना ती मधेच थांबायची आणि 'अस्सं होय' म्हणायची."