पडदा अजून काळाच

“पडदा अजून काळाच आहे गा, आनंदा,” भिवापूरहून भैयाजी फोनवर म्हणाले.

आनंदरावांनी कपाळाला हात लावला. “अबे, कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर बनवाचा, अन् ती सिस्टीम त्या खोट्यात टाकाची. इतकं सोपं आहे. मेमरी वाढवली का?”

“थांब, पाहून सांगतो.”

भैयाजी थांब म्हणाले की बराच वेळ चिडीचूप. नुसत्या कोंबड्या ऐकू यायच्या.

“वाढवली. आता पडदा ‘कर्नल पॅनिक’ म्हणून चूक दाखवून राहिला. हा कोणता कर्नल गा?”

कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनी नवी ऑपरेटिंग सिस्टीम केली होती, अर्धीकच्ची, प्रयोगातली. ती चालवून पाहायचं खूळ या मिरचीवाल्या मित्राच्या डोक्यात म्हातारपणी शिरलं होतं. एरवी आनंदराव पोट धरून हसले असते.

पण आनंदरावांच्या प्रताप नगरच्या घरातली आवराआवर संपली होती. मांजर शेजारच्या मायाबाईंकडे गेलं होतं. बायको, इंदूबाई, गेल्यावर मागे राहिलेल्या पाटल्या त्यांनी मुलीच्या, मिनलच्या, हातात ठेवल्या होत्या. “एवढी घाई काहून, बाबा?” तिनं विचारलं. “आता मले काय लागते?” ते म्हणाले.

बायकोच्या मागोमाग आपल्याच हातानं निघून जायचं, हे त्यांचं पक्कं झालं होतं. अडलं होतं ते एवढ्या एका कामापाशी. वीज कचेरीच्या कॉम्प्युटर विभागात उभा जन्म गेला. कोणाची तक्रार अर्धवट टाकून हा माणूस कधी घरी गेला नव्हता. मग जगातून कसा जाईल?

“मिनलले विचार ना,” ते वैतागून म्हणाले. “पुण्याले हेच काम करते ते.”

“पोरीले काहून तरास द्याचा? तू त रिकामाच बसला आहे.”

त्यांनी स्वतःच मिनलला विचारून पाहिलं असतं. पण भैयाजींचं हे गुऱ्हाळ सुरू असलं की घरच्या दुसऱ्या फोनवरून तिचा फोनही लागत नसे. सदा आपली कुणाशी तरी बोलण्यात.

एक चूक सुधारली की दुसरी उगवत होती. इतका ढ चेला त्यांना नोकरीतही भेटला नव्हता.

शेवटी आनंदराव शांतपणे म्हणाले, “भैयाजी, उद्या सकाळच्या गाडीनं मीच येतो. तुझ्या समोर बसून लावून देतो.”

पलीकडे कोंबड्याही गप्प झाल्या.

“येशीन?”

“येतो. एकदाचं संपवतो हे.”

फोन ठेवून त्यांनी डोळे मिटले. खूप दिवसांनी हलकं वाटलं. उद्या भिवापूर. परवा आपण मोकळे.

तिकडे मिरच्या वाळत घातलेल्या अंगणात भैयाजींनी एका कानाचा फोन खाली ठेवला. दुसऱ्या कानाचा तसाच घट्ट धरला.

“मिनल वं, ऐकलं ना? तुझा बाप उद्या येऊन राहिला. आता सांग, कॉम्प्युटर कुठून आणू?”