राखाडी डगल्यातली बाई

“पुढच्या चौकटीत काय आहे?”

“पाचही जण पुलावर पोझ देऊन उभे आहेत,” शैलजा म्हणाली. “मागे ती राखाडी डगल्यातली बाई. जखमींना उचलतेय.”

माझी दृष्टी गेल्यापासून असंच चालतं. बायको सुपरहिरोंची कॉमिक्स चित्रांसकट वाचून दाखवते, मी परीक्षण सांगतो आणि तीच ते टाइप करून वेबसाइटला पाठवते. टीमच्या कॉमिक्सवर माझा जुना राग आहे. सगळ्यांना लढायचं असतं, मागचं आवरायला कोणी नसतं. म्हणून गेल्या परीक्षणात मी या बाईचं भरभरून कौतुक केलं होतं.

आज संपादकाची मेल आली. वाचता वाचता शैलजा थांबली.

“वाच की.”

“वाचक विचारतायत, टीममध्ये पाचच जण आहेत, ही सहावी कोण?” तिने लॅपटॉप मिटला. “मीच घातली तिला. रोज तीच मारामारी सांगून कंटाळले होते.”

“माहीत आहे. बाकीच्यांचं सांगताना तू चित्र निरखतेस, अडखळतेस. तिचं सांगताना कधीच नाही.”

“मग परीक्षणात कशाला घेतलंस?”

“सगळ्या टीममध्ये तेवढीच खरी वाटली. तक्रार एकच आहे. इतके अंक झाले, ती एकदाही बोललेली नाही.”

शैलजाने पान उलटलं.

“या पानावर बोलते,” ती म्हणाली. “म्हणते, दमलेय मी.”