टाय रॉडची पिन

मुलगा ज्या जुन्या गाडीच्या अपघातात गेला, तीच गाडी म्हाताऱ्या मेकॅनिकनं पुन्हा उभी करायला घेतली होती. पुढचं सस्पेन्शन नवं बसवून झालं. आता स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड तेवढा राहिला. जुना काढायला तो गाडीखाली शिरला, तेवढ्यात सून चहा घेऊन आली. कप जमिनीवर ठेवून तिथेच उकिडवी बसली.

"बाबा, त्या सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले." ती गाडीखाली वाकली. "गाडी आपोआप झाडाकडे वळली, की ह्यांनी वळवली?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"आपोआप गं. टाय रॉडच्या नटाला पिन लावायची मीच विसरलो होतो. पिन नसली, की नट सुटतो आणि स्टिअरिंग हातात राहत नाही."

"तुम्ही विसरलात?"

"मीच."

ती उठली. भरलेला कप उचलून तशीच घरात गेली.

दार लागल्याचा आवाज आल्यावर त्यानं जुन्या टाय रॉडच्या नटावरून बोट फिरवलं. पिन जागच्या जागी होती, दोन्ही टोकं त्यानंच दुमडलेली. त्यानं पक्कड घेतली, टोकं सरळ केली आणि पिन ओढून काढली.